वीज गेल्यावर टायमरचे काय होते

“तुमचं पुस्तक खोटं आहे, नाहीतर माझी जाऊ मेलेली नाही. दोन्हींपैकी काय ते आधी सांगा, मग आत या.”

इंदुमतीबाई झांबरे उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या आणि मी बाहेर, वैशाखातल्या भर दुपारी, डोक्यावर रुमाल धरून. असल्या प्रश्नाचे उत्तर उन्हात उभे राहून देऊ नये, हे मला कळत होते. परंतु प्रश्न वादाचा होता, आणि वादाच्या प्रश्नापुढे मी आयुष्यात कधी सावली शोधलेली नाही.

“तिसरीही शक्यता आहे,” मी म्हणालो. “पुस्तक खरं, तुमच्या जाऊबाई खरोखरच गेलेल्या, आणि तुमचा काही गैरसमज.”

“म्हणजे मी वेडी.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“ललित म्हणतो. तो निदान सरळ म्हणतो.” त्या बाजूला झाल्या. “या आत. तुम्हाला ऊन लागलं तर तेही माझ्याच नावावर पडेल.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. घरातले दिवे, पंखे, पाण्याची मोटर आपल्या हुकमाप्रमाणे चालवणारी एक प्रणाली त्या वेळी खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली होती. ती विनामूल्य मिळे आणि देशोदेशीचे हौशी लोक मिळून ती रचीत. जळगावच्या कॉलेजातून मराठीचा अध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर तिची मराठी माहितीपाने सांभाळण्याचे काम मी पत्करले होते. माझ्या आधी ते मिरजेच्या एका तरुणाकडे होते. तो परदेशी निघून गेला आणि त्याची पाने माझ्याकडे आली. त्यांतली बहुतेक मला नव्याने लिहावी लागली. टायमरच्या पानाला मात्र मी हात लावला नाही, कारण त्यात असे एक वाक्य होते: “वीज खंडित होताच चालू असलेला टायमर समूळ नष्ट होतो, वीज परत आल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही.” ज्या वाक्यातला एकही शब्द इकडचा तिकडे करता येत नाही ते वाक्य खरे असलेच पाहिजे, अशी माझी त्या काळी समजूत होती.

मग फैजपूरच्या या घरातून ललितचे पत्र आले. त्याच्या आत्याबाई, शकुंतलाबाई झांबरे, फाल्गुनात पुण्याच्या दवाखान्यात वारल्या होत्या. घरात उरल्या त्यांच्या धाकट्या जाऊ इंदुमतीबाई. त्या म्हणत की वीज जाऊन आली की गेलेल्या बाई घरातून बोलतात, टायमर लावून ठेवल्यासारख्या. “आपल्या पुस्तिकेप्रमाणे हे अशक्य आहे,” ललितने लिहिले होते. “तसे आपण लेखी द्यावे, म्हणजे काकूंना डॉक्टरांकडे नेणे सोपे जाईल.” मी लेखी दिले नाही. आपल्या ताब्यातले वाक्य कोणा माणसाविरुद्ध साक्षीला उभे राहत असेल, तर त्या जागी आपणही हजर असावे, असे मला वाटले. म्हणून मी स्वतः आलो.

ललित नाशिकहून आदल्या दिवशीच आला होता. तिशी उलटलेला, सभ्य, थकलेला मुलगा. बैठकीच्या खोलीत खांद्यावर टॉवेल टाकून तो पंख्याखाली बसला होता. भिंतीत देवळीच्या जागी एक काळा स्पीकर बसवलेला होता, आणि दाराशी एक ट्रंक, दोन पिशव्या आणि पाण्याचा तांब्या.

“उद्या सकाळी भुसावळहून माझा भाचा येतोय,” इंदुमतीबाईंनी माझी नजर ओळखून सांगितले. “भावाकडे चालले. कायमची.”

“या वयात?”

“सांगितलंय तसं. सांगितल्यावर राहता येत नाही.”

“कोणी सांगितलं?”

त्यांनी स्पीकरकडे पाहिले. ललितने माझ्याकडे पाहिले आणि हलकेच मान हलवली, जणू म्हणत होता, पाहिलंत.

“काकू, सरांना पहिल्यापासून सांगा,” तो म्हणाला. “अबोल्याचं पण.”

“त्यात काय सांगायचं. आमचा अबोला होता.” एखादे नाते सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. “नवरे जिवंत होते तेव्हापासूनचा. त्याआधी मी तिला जिजी म्हणायची. मग आम्ही नवऱ्यांतर्फे बोलायचो. ‘म्हणावं, भाजी झाली.’ ‘म्हणावं, दिसतेय.’ ते दोघं गेले, मग मांजराला सांगायचो. मांजर गेलं, तशी पंचाईत झाली. भिंतीला सांगून पाहिलं, पण भिंत दुसऱ्या खोलीत जाऊन सांगत नाही.”

“म्हणून मी हे बसवून दिलं,” ललित म्हणाला. “टॅबवर बोलायचं, टायमर लावायचा. वेळ झाली की घर त्याच आवाजात बोलून दाखवतं. आत्या म्हणाली, हे बरं आहे. मी यंत्राशी बोलते. त्याने ते कोणाला सांगावं, हा त्याचा प्रश्न.”

“आणि अबोला मोडत नाही,” मी म्हणालो.

“मोडेल कसा? टायमर असतो ना मध्ये. ‘दूध उतू चाललंय’ असं ती म्हणायची आणि ते पाच मिनिटांनी ऐकू यायचं.” इंदुमतीबाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. “तोवर दूध गेलेलं असायचं. पण भांडण नाही.”

“अबोल्याचं कारण काय होतं?”

“ते मला आता नीट आठवत नाही. आठवत नाही हे तिला कळू नये, म्हणून तर कधी विचारलं नाही.”

शकुंतलाबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. छापलेल्या अक्षरावर त्यांचा एवढा विश्वास होता, की आमची सगळी माहितीपाने त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून, तारेत बांधून आणवली होती आणि यंत्राला हात लावण्यापूर्वी त्या ते पान मोठ्याने वाचून घेत. ऐकून ऐकून ते इंदुमतीबाईंनाही पाठ झाले होते. त्यांनी मला माझे लाडके वाक्य म्हणून दाखवले, विरामचिन्हाच्या जागी नेमके थांबून. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने असे गद्य कधी म्हटले नव्हते.

“आता ऐका,” त्या म्हणाल्या. “जाताना ती म्हणाली होती, पाडव्यापर्यंत येते. मला नाही, ललितला म्हणाली, मी ऐकलं. पाडव्याच्या आधीच गेली. दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी काय काय कबूल केलं. मी लांब उभी. शेवटी ललित म्हणाला, ‘आत्या, इंदूकाकूंची नीट सोय लावतो,’ आणि लगेच शिवला. तेव्हाच मला कळलं, तिचा जीव माझ्यात अडकलाय.”

“तुम्ही स्वतः काही कबूल केलं नाहीत?”

“आमचा अबोला होता,” त्या पुन्हा म्हणाल्या. “पाडव्याला मी एकटीने गुढी उभारली. वीज नव्हती. मग वीज आली, आणि ही भिंतीतून बोलली.”

“काकू, त्यानंतर मी टॅब पाहिला,” ललित म्हणाला. “चालू टायमरांच्या यादीत एकही टायमर नव्हता. आणि लावला असला तरी त्यानंतर कितीदा वीज गेली. सरांच्या पुस्तकात…”

“पुस्तकात आहे मला माहीत आहे. मी म्हणून दाखवलं ना आत्ता.”

मी घसा साफ केला. माझे म्हणणे मी मुद्देसूद मांडणार होतो: माणसाचे कान एकटेपणात काय काय ऐकतात, ओळखीचा आवाज पंख्याच्या कुरकुरीतही कसा सापडतो. पहिला मुद्दा अर्धा झाला असेल, तोच पंखा मंदावला. त्याची पाती एकेक करून दिसू लागली आणि थांबली. आतल्या खोलीतला फ्रिज एक उसासा टाकून गप्प झाला. घरात इतके आवाज होते, हे ते बंद पडल्यावर मला कळले.

“गेली,” ललित म्हणाला.

“आता बोलू नका,” इंदुमतीबाई म्हणाल्या.

 बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आमच्या खानदेशात रात्रीपेक्षा दुपारला अधिक भितात. लहानपणी बाराच्या उन्हात विहिरीकडे जायला आम्हाला मज्जाव असे, आणि ‘का’ असे विचारले तर मोठी माणसे नजर चुकवीत. समोरच्या घराची पांढरी भिंत उन्हात इतकी स्थिर उभी होती, की तिच्याकडे पाहवेना. घाम कानामागून गळ्याशी उतरत असल्याचे मला जाणवले, आणि मी तो पुसला नाही.

बऱ्याच वेळाने वीज आली. पंखा हलला. भिंतीतल्या स्पीकरवर एक निळा ठिपका उजळला, आणि एक बाई बोलली.

“इंदू.”

मी तो आवाज त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. तरीही तो कोणाचा हे विचारण्याची गरज नव्हती. वर्ग शांत होईपर्यंत थांबणाऱ्या बाईचा तो आवाज होता.

“पाडव्यापर्यंत मी आले नाही, तर समजून जा. हे घर मामंजींनी मला दिलं, तुला नाही. तुझं इथं काही नाही. भावाकडे जा.”

इंदुमतीबाईंनी पदर तोंडावर घट्ट धरला होता. ललितच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला होता आणि त्याने तो उचलला नाही. निळा ठिपका तसाच जळत राहिला. बोलून झाल्यावर समोरच्या माणसाकडे पाहत राहावे, तसा. मग तो नारिंगी झाला आणि विझला.

“वेडी का मी?” इंदुमतीबाईंनी पदराआडून विचारले.

ललित उठून त्यांच्या पायांशी बसला. “नाही, काकू,” तो म्हणाला. “नाही हो.”

मी मात्र वाद सोडला नाही. माणूस भ्याला म्हणजे आपापल्या सवयीकडे धावतो, आणि माझी सवय ती होती. मी म्हणालो, आवाज खरा आहे हे मान्य. त्यावरून पुस्तक खोटे ठरत नाही. प्रयोग करून पाहिला पाहिजे. ललितने मुकाट्याने टॅब आणून माझ्या हाती दिला. काय बोलावे हे सुचेना, म्हणून मी तेच वाक्य बोललो, थोड्या वेळाचा टायमर लावला, आणि ललितला मीटरजवळची मुख्य कळ खाली ओढायला सांगितली.

पुन्हा ती शांतता. नेमलेली वेळ अंधाऱ्या यंत्रात येऊन निघून गेली असावी. मी खुणेने कळ वर करायला सांगितले. निळा ठिपका उजळला.

“वीज खंडित होताच,” भिंत माझ्या आवाजात म्हणाली, “चालू असलेला टायमर समूळ नष्ट होतो, वीज परत आल्यावर त्याचा मागमूसही उरत नाही.”

आपलाच आवाज आपल्याला न विचारता बोलतो तेव्हा तो मेलेल्या माणसाचा वाटतो. मी हयात असल्याची मला खात्री होती, परंतु त्या क्षणी तिला आधार देणारा कोणताही मुद्दा मला सुचला नाही.

“अरे देवा,” ललित मीटरपाशी पुटपुटला; आणि ठिपका विझला. या खेपेस नारिंगी न होता, एकदम.

मी ते पाहिले. मग टॅबवर शोधू लागलो. चालू टायमरांच्या यादीत काहीच नव्हते. पण तिच्या खाली, बोट लावल्यावाचून न उघडणारा एक कप्पा होता: पोच न मिळालेले संदेश. त्यात शकुंतलाबाईंचा एक संदेश होता. माझा नव्हता. मी प्रयोग पुन्हा केला, या वेळी सर्वांना गप्प राहायला सांगून. माझा संदेश त्या कप्प्यात जाऊन पडला, आणि वीज जाऊन आल्यावर पुन्हा बोलला. मी “हं” म्हणालो, आणि तो नाहीसा झाला.

प्रणाली मधल्या काळात बदलली होती. असली यंत्रे कोणाला न विचारता आपणच नवी होतात. पाने तशी होत नाहीत. जुन्या प्रणालीत वीज गेली की टायमर खरोखर नष्ट होई. नवी तो जपून ठेवी. वेळ अंधारात टळून गेली, तर उजेड येताच बोलून टाकी; पोच न मिळालेले संदेश अनेक असले, तर एका खेपेस त्यांतला सर्वांत नवा तेवढाच. आणि समोरून कोणी चकार शब्द काढीपर्यंत आपले बोलणे पोहोचले असे मानीत नसे. इंग्रजी पानावर हे केव्हाच लिहिले गेले होते. घरी परतल्यावर मी मराठी पान दुरुस्त केले. “उत्तर मिळेपर्यंत टायमर वाट पाहतो,” असे मी लिहिले, त्यावर प्रणाली रचणाऱ्या हौशी मंडळींतल्या एका तरुणाने आक्षेप घेतला, की यंत्र वाट पाहत नाही, ते सक्रिय राहते. आमचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. माझे वाक्य राहिले. पण हे सगळे नंतरचे.

त्या दुपारी मी इंदुमतीबाईंना शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितले, की पुस्तक जुने झाले आहे. त्यांच्या जाऊबाई गेलेल्या आहेत. हे भूत नाही, वेड नाही, फक्त एक न पोहोचलेला निरोप आहे. सांगताना माझ्या स्वरात थोडे समाधान उतरले असावे. दोन्ही पक्षांची अब्रू राखणारा निकाल वारंवार देता येत नाही.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग उठून ट्रंकेची कडी लावली.

“काकू,” ललित म्हणाला, “आता कशाला? सर सांगतायत ना, भूत नाही.”

“भूत असतं तर बरं होतं रे. भूत काय, कोणाचंही सोंग घेतं. त्याचं ऐकायलाच हवं असं नाही.” त्यांनी कडी ओढून पाहिली. “हे तिचंच बोलणं आहे. धडधाकट असताना, शुद्धीत, स्वतःच्या तोंडाने बोललेलं. सरांनीच शाबीत करून दिलं.”

 माझ्या युक्तिवादाने एका म्हाताऱ्या बाईला घराबाहेर काढले होते, आणि त्यात कोठेही चूक सापडत नव्हती.

“कायद्याने ती तुम्हाला काढू शकत नाही, काकू. कोणीच नाही.”

“मला कायद्याने राहायचं नाही.”

“त्या असं का बोलल्या असतील?” मी विचारले. खरे तर मला दुसरे काही विचारता येत नव्हते.

इंदुमतीबाई ट्रंकेवरच बसल्या. “मी विचारलं नाही म्हणून. एवढं मोठं ऑपरेशन. आदल्या दिवशी पाव्हणेरावळे, शेजारीपाजारी सगळे येऊन विचारून गेले, आणि मी चुलीपाशी. संध्याकाळी ती भिंतीकडे बघून म्हणाली, ‘दगडालाही पाझर फुटतो म्हणतात.’ मग टॅब घेऊन आत बसली बराच वेळ. तेव्हाच बोलून ठेवलं असणार.”

“आणि सकाळी?”

“सकाळी मी दशम्या करून डबा टेबलावर ठेवला. वाटेत बाहेरचं खाल्लं की तिला पित्त व्हायचं. ठेवला आणि टॅब घेऊन माझ्या खोलीत गेले, कडी लावून. मला खोलीतल्या स्पीकरवर भजनं ऐकायची होती.” त्या थांबल्या. “भजनं कसली. ती जाताना समोर असायला नको, म्हणून.”

“मग?”

“मग ती दाराशी आली. थापटलं. मी उघडलं नाही. हाक मारली असती तर उघडलं असतं, पण नुसतंच थापटलं. मग गेली ती मीटरपाशी, आणि सगळ्या घराची वीज बंद केली. भजन तर बंद झालंच, पंखासुद्धा. मी आत घामाने न्हाले. म्हटलं, बाई मरायला निघाली आणि जाता जाताही छळ.”

“ते मी पाहिलंय,” ललित म्हणाला. तो मघापासून जमिनीकडे पाहत होता. “मी गाडी काढून हॉर्न देत होतो. आत आलो तर आत्या मुख्य कळ खाली ओढून उभी. एका हातात डबा. म्हटलं, आत्या, उशीर होतोय, काय करतेस? तर मलाच विचारते, ‘एवढा वेळ पुरे होतो ना रे?’ मी म्हटलं, कशाला पुरे? काही बोलली नाही. आणखी थोडी थांबली, कळ वर केली आणि गाडीत येऊन बसली. पुण्यापर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.”

टायमरच्या त्या पानावर माझ्या लाडक्या वाक्याखाली आणखी एक वाक्य होते. ते इतके साधे होते, की मी त्याकडे कधी लक्ष दिले नव्हते. ते मला आता आठवले, आणि माझ्या अंगावर जो काटा आला तो भिंतीतला आवाज ऐकूनही आला नव्हता.

“इंदुमतीबाई,” मी म्हणालो, “ते वाक्य म्हणून झाल्यावर त्या पुढे काय वाचायच्या? त्याच पानावर.”

त्यांनी डोळे मिटले. शाळेतल्या मुलीसारख्या त्या म्हणू लागल्या. “‘लावलेला टायमर रद्द करावयाचा असून टॅब हाताशी नसल्यास, मुख्य कळ मिनिटभर बंद ठेवावी.’”

म्हणून झाल्यावरही त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“टॅब तुमच्याजवळ होता,” मी म्हणालो, “आणि दाराला कडी होती.”

“मागायचा होता.”

“मागायला बोलावं लागलं असतं.”

ललित आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. मग त्यालाही समजले, आणि तो उठून दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मी वादी स्वभावाचा माणूस आहे. म्हणून माझ्याविरुद्धचा मुद्दाही मी तेथेच मांडला. शकुंतलाबाईंच्या मनात काय होते हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही, असे मी म्हणालो. परंतु त्या सकाळी घरात एकच टायमर चालू होता, आणि रद्द करण्यासारखे दुसरे काही नव्हते. छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवून त्यांनी आपला शब्द परत घेतला, आणि तो परत घेतला गेला आहे अशा समजुतीने त्या पुण्याला गेल्या. अक्षर जुने झाले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते.

इंदुमतीबाईंनी मान वर करून स्पीकरकडे पाहिले. उन्हाची तिरीप उंबरा ओलांडून आत आली होती.

“अजून आहे तो?” त्यांनी विचारले. “त्या कप्प्यात?”

“आहे.”

“पुसता येतो?”

“बोटाने. आत्ता. वाटलं तर न ऐकता.” मी टॅब पुढे केला. “किंवा तो बोलल्यावर कोणी काहीही बोललं, की आपोआप जातो. मग पुन्हा कधी बोलणार नाही. तेवढं मात्र समजून घ्या. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे नसेल.”

त्यांनी टॅबला हात लावला नाही. “ललित,” त्या म्हणाल्या, “कळ खाली ओढ रे.”

“काकू…”

“ओढ. मिनिटभर.”

पंखा थांबला. फ्रिजने उसासा टाकला. त्या उठल्या, स्पीकरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला. थोरल्यांपुढे उभे राहताना करतात तसा. ललितला मिनिट कळले की नाही कोणास ठाऊक. मला ते संपत नाहीसे वाटले. मग त्याने कळ वर केली.

निळा ठिपका उजळला.

“इंदू,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “पाडव्यापर्यंत मी आले नाही, तर समजून जा. हे घर मामंजींनी मला दिलं, तुला नाही. तुझं इथं काही नाही. भावाकडे जा.”

ठिपका जळत राहिला. इंदुमतीबाईंचे ओठ हलले, आवाज आला नाही. कितीतरी वर्षांत न उघडलेल्या दाराला पहिला धक्का द्यावा आणि ते हलू नये, तसे झाले. ठिपक्याच्या कडेला नारिंगी रंग चढू लागला होता.

“मी काही ऐकलं नाही, जिजी,” त्या म्हणाल्या.

ठिपका विझला.

दाराशी उभ्या ललितने खिशातून फोन काढला, भुसावळचा नंबर लावला आणि हळू आवाजात सांगितले, की उद्या येऊ नकोस, काकू कुठे जात नाहीत. इंदुमतीबाईंचे तिकडे लक्ष नव्हते. मान किंचित कलती करून त्या स्पीकरकडे पाहत होत्या, आपण बोललो आहोत आणि आता समोरच्याची पाळी आहे, अशा. आम्ही दोघेही न ठरवता श्वास धरून थांबलो. पंखा फिरत होता. वीज होती. घरातले काहीही बंद नव्हते.